इथे श्वास घ्यावा

पाठाचे नाव : बाष्पीभवन
इयत्ता : सातवी, तुकडी ब
वेळ : पस्तीस मिनिटे
पाठ क्रमांक : एक (तिसऱ्यांदा)

छापील टाचणात या चार ओळींना जागा असते. पण वहिनींचं सगळं दुखणं त्या शेवटच्या कंसात होतं, आणि कंसाला टाचणात जागा नसते. तो त्यांनी स्वतःच्या हाताने घातला होता.

ज्यांच्या नशिबी टाचण आलं नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. होतकरू शिक्षकाने वर्गात जाण्याआधी जो कागद लिहून न्यायचा त्याला म्हणतात टाचण. त्यात दोन रकाने. डावीकडे ‘शिक्षक कृती’, म्हणजे आपण काय बोलणार. उजवीकडे ‘विद्यार्थी कृती’, म्हणजे मुलं काय उत्तर देणार. तेही आपणच लिहायचं, आदल्या दिवशी, घरी बसून. भांडायला जाताना समोरच्याने काय बोलायचं तेही आपणच ठरवून जावं, तसला हा प्रकार. समोरचा काय बोलतो हे सगळ्यांना माहीत असतं. तरी लिहायचं.

पूर्वज्ञान

वहिनी वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी अध्यापक विद्यालयात दाखल झाल्या. बाकीच्या छात्राध्यापिका बावीस-तेवीस वर्षांच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी यांना ‘वहिनी’ करून टाकलं. वहिनींना त्याचं काही वाटलं नाही. एका शाळेच्या प्रयोगशाळेत त्या अकरा वर्षं परिचर होत्या आणि तिथेही त्या वहिनीच होत्या. “वहिनी, जरा बीकर धुऊन ठेवा.” “वहिनी, परीक्षानळ्या कुठायत?” विज्ञान शिकवायचे दुसरे; वहिनी मागे मोरीपाशी उभ्या राहून ऐकायच्या. शिकवणाऱ्याचं काही चुकलं, तर ब्रश जरा जोरात घासायच्या. एवढाच निषेध.

मग एक दिवस मुख्याध्यापिका म्हणाल्या, “प्रमाणपत्र आणा, वहिनी. नव्या सत्रात सातवीचे विज्ञानाचे तास तुमचे.”

“आणि नाही मिळालं तर?”

“तर ब्रश आहेच की.” त्या प्रेमानेच म्हणाल्या. पण तो ब्रश वहिनींच्या घशात अडकला तो अडकलाच.

(इथे ‘उद्दिष्टे’ हा मथळा यायला हवा. पण उद्दिष्ट एकच होतं आणि ते वर सांगून झालं.)

वर्षभरात वहिनींचे बाकीचे सगळे पाठ पार पडले. उरला फक्त एक, डिजिटल पाठ. प्रोजेक्टर, पडदा, संगणक वापरून पस्तीस मिनिटं शिकवायचं. संधी तीन. तिसरी हुकली की अख्खं वर्ष पुन्हा, आणि तोवर सातवीचे तास दुसऱ्या कुणाच्या तरी पदरात.

पहिल्या वेळी वहिनी पडद्याकडे बघत शिकवत राहिल्या. इतक्या मनापासून तयार केलेल्या चित्रांकडे पाहू नये तर कुणाकडे पाहावं? निरीक्षक बाईंनी लाल शाईत शेरा दिला : ‘पाठमोऱ्या शिकवतात. वर्गास केवळ अंबाडा दिसला.’ या बाईंना सगळं विद्यालय ‘लाल पेन’ म्हणायचं. तीस वर्षांत त्यांनी निळी शाई वापरल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

दुसऱ्या वेळी डिजिटल खोलीला कुलूप. किल्ली शिपाईमामांकडे, पण रजिस्टरमध्ये सही केल्याशिवाय मामा किल्ली देत नसत. आणि रजिस्टर खोलीत.

“मामा, कुलूप उघडा, मी आत जाऊन सही करते.”

“आधी सही, मग कुलूप.”

“अहो, पण सही आतच आहे ना!”

“मग काढा ना बाहेर,” मामा म्हणाले. त्यांच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता. वहिनींच्या नावापुढे ‘गैरहजर’ लागलं. दाराबाहेर पस्तीस मिनिटं हजर राहून गैरहजर ठरायला नशीब लागतं.

शैक्षणिक साहित्य

तिसऱ्या पाठाची तयारी वहिनींनी घरी सुरू केली, आणि घर म्हटलं की घरचे आले.

साधा बेत होता. पाण्याचा एक थेंब रुमालावरून उठतो आणि हवेत जातो. सहा चित्रं, बास. सासूबाई चष्मा सावरत मागे येऊन उभ्या राहिल्या.

“हा थेंब होय? मला वाटलं लिंबू.”

“थेंबच आहे, आई.”

“मग डोळे काढ त्याला. मुलांना डोळे नसले की करमत नाही.”

वहिनींनी डोळे काढले. मग डोळे आहेत तर ते मिटायला हवेत, असं ‘अहों’चं म्हणणं पडलं. अहो एका कचेरीत टपाल आवक-जावक बघायचे, आणि घरातली कुठलीही वस्तू हलल्याशिवाय त्यांना समाधान नसायचं. थेंब डोळे मिटू लागला. उडताना त्याला आवाज हवा, म्हणून सासूबाईंनी स्वतः ‘सुईईई’ असा आवाज काढून दिला. पाच वेळा. पाचव्या वेळी ठसका लागला, आणि तोच सगळ्यांत जिवंत वाटला म्हणून तोच ठेवला. चौथ्या दिवशी थेंब सहा चित्रांतून एकोणीस चित्रांत पोचला होता, आणि संगणक तो उघडताना म्हाताऱ्या माणसासारखा कण्हत होता.

“हे न्यायचं कशात?” अहोंनी विचारलं.

प्रश्न खालच्या मजल्यावर गेला. तिथे टेलिफोनकाका राहायचे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. जगातली प्रत्येक वस्तू हा टेलिफोनचाच एक बिघडलेला प्रकार आहे, असं त्यांचं मत. त्यांनी आपला पेनड्राइव्ह आणला. तो त्यांना निरोपसमारंभात मिळाला होता आणि ते तो शर्टाच्या खिशाला लावून हिंडायचे.

“दोन्ही फायली टाका, काका. चित्रं आणि टाचण.”

काकांनी पेनड्राइव्ह लावला, कान जवळ नेला (सवय) आणि थोड्या वेळाने जाहीर केलं, “झालं. सगळं गेलं पलीकडे.”

सगळं गेलं नव्हतं. डोळे मिटणारा, ठसकणारा, एकोणीस चित्रांचा तो थेंब त्या इवल्याशा पेनड्राइव्हमध्ये मावणारच नव्हता. पलीकडे गेलं होतं फक्त टाचण. आणि टाचणही कोणतं?

वहिनींनी टाचणाच्या दोन प्रती केल्या होत्या. निरीक्षक बाईंना द्यायची ती छापील, स्वच्छ, इस्त्रीची. आणि दुसरी आपल्यापुरती. तिच्यात त्यांनी जागोजागी कंसात स्वतःला सूचना लिहिल्या होत्या. मोरीपाशी उभं राहून अकरा वर्षं गेलेल्या माणसाला वर्गासमोर उभं राहायला थोडी टेकणी लागते.

पेनड्राइव्हमध्ये गेली ती कंसांची.

प्रस्तावना

पाठाच्या दिवशी वहिनी तास सुरू होण्याच्या तासभर आधी पोचल्या. रजिस्टर आदल्या दिवशीच अर्ज करून बाहेर काढून ठेवलं होतं. खोली उघडली. संगणक सुरू व्हायला अकरा मिनिटं लागली. पडदा खाली आला. फाईल एकच दिसत होती. चित्रांचीच असणार म्हणून वहिनींनी ती उघडली आणि समोर काही उमटायच्या आत त्या वर्गाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मनाशी पक्कं केलं होतं. आता आभाळ कोसळलं तरी पाठ फिरवायची नाही. अंबाडा दाखवायचा नाही. हातात पान पुढे सरकवायचं बटण. दर प्रश्नाला एकदा दाबायचं.

सातवी ब आत आली. बेचाळीस मुलं. साध्या मुलांना शिकवणं वेगळं आणि सातवी बला शिकवणं वेगळं. हा वर्ग अध्यापक विद्यालयाला सरावासाठी दिलेला होता. या वर्षी त्यांच्यावर अडतीस पाठ होऊन गेले होते. पैकी बाष्पीभवन चार वेळा. कोणती बाई कुठल्या प्रश्नाला रडेल हे ती मुलं चालीवरून ओळखायची.

मागच्या बाकावर लाल पेन येऊन बसली. मांडीवर छापील टाचण, त्यावर गुणपत्रक. त्यात दहा रकाने, आणि पाचवा ‘फलकलेखन’. डिजिटल पाठात खडू चालत नाही, आणि खडूने लिहिलं नाही तर फलकलेखनाचे दहा गुण जातात. ही अडचण वहिनींनी कार्यालयात मांडली होती. कार्यालयाने ती लिहून घेतली होती.

बाईंना पडदा तिरपा पडत होता. मागच्या कोपऱ्यातून त्यांना खिडकीच्या उजेडामुळे नुसता पांढरा चौकोन दिसत होता.

मुलांना सगळं दिसत होतं.

विषयविवेचन

शिक्षक कृती : “मुलांनो, ओला रुमाल दोरीवर टाकला तर काय होतं?”

विद्यार्थी कृती : “रुमाल वाळतो, बाई!”

बेचाळीस जण, एका सुरात. वहिनींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पहिल्या पाठाला याच प्रश्नावर याच वर्गाने ‘चोरीला जातो’ असं उत्तर दिलं होतं. त्यांनी बटण दाबलं.

शिक्षक कृती : “का बरं वाळतो?”

विद्यार्थी कृती : “सूर्याच्या उष्णतेमुळे पाण्याची वाफ होऊन ती हवेत मिसळते, बाई!”

‘वाफ होऊन’. बारा वर्षांचं मूल आपण होऊन ‘होऊन’ म्हणत नाही. वहिनींच्या मनात पाल चुकचुकली. पण मागे बघायचं नव्हतं. मागच्या बाकावर बाईंनी मांडीवरचं टाचण पाहिलं, मुलांकडे पाहिलं, आणि पेनचं टोपण काढलं.

वहिनींनी खिशातून रुमाल काढून वर धरला. त्याबरोबर बेचाळीस मुलं पुढे झुकली. डोळे मोठे. एकाने गालावर हात ठेवला. एवढं कुतूहल एकाच खोलीत वहिनींनी कधी पाहिलं नव्हतं. त्या कसनुशा हसल्या.

“बाई, दात दिसतायत,” पहिल्या बाकावरून आवाज आला.

“काय?”

“काही नाही, बाई. पुढे चला.”

वहिनी पुढे गेल्या. “तर या क्रियेला बाष्पीभवन...”

“बाई, एक ओळ राहिली.”

“कसली ओळ?”

“‘शाब्बास’ म्हणायचं राहिलं.”

“शाब्बास,” वहिनी म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

“आता श्वास घ्या, बाई,” दुसऱ्याने काळजीने सांगितलं.

“आणि निरीक्षक बाईंकडे बघू नका.”

हे ऐकल्यावर वहिनींनी बघितलं नाही. पण बाकीच्या एकेचाळीस जणांनी माना वळवून बघितलं.

वहिनी वळल्या. आभाळ कोसळलं तरी वळणार नाही, असं म्हणाल्या होत्या. पण हे आभाळाच्या वरचं होतं.

पडद्यावर, हातभर मोठ्या अक्षरांत :

(रुमाल वर धरावा. हात थरथरल्यास दोन्ही हातांनी धरावा.)
विद्यार्थी कुतूहलाने पाहतात.
(इथे हसावे. दात न दाखवता.)
शाब्बास!
(इथे श्वास घ्यावा.)
(निरीक्षक बाईंकडे पाहू नये. त्या माणूसच आहेत.)

अब्रू नावाची वस्तू जाते कशी, तर आवाज न करता जाते. वहिनींना वाटलं, प्रोजेक्टरची वायर ओढावी, रजिस्टरमध्ये सही करावी, मामांना किल्ली द्यावी आणि सरळ जाऊन बीकर धुवावेत. हात वायरकडे गेलासुद्धा.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून एक हात वर आला. त्या मुलीला सगळा वर्ग शंकासुर म्हणायचा.

“बाई, उजव्या बाजूचं आमचं आहे ना?”

“हो.” आता लपवायला उरलं काय होतं?

“पण ते आम्ही बोललोच नाही. म्हणजे बोललो, पण तिथं लिहिलंय म्हणून. आमच्या खोलीत ऊन येतच नाही, बाई. कधीच. तरी कपडे वाळतात.”

या प्रश्नाला टाचणात डावीकडे ओळ नव्हती, उजवीकडे नव्हती, कंसातही नव्हती. अडतीस पाठांत तो कुणी विचारला नव्हता, कारण कुणाला उत्तर सोडून दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.

पण वहिनींना ठाऊक होतं! त्यांच्या शाळेत बीकर वाळत घालायची कोठी बिनखिडकीची होती. अकरा वर्षं त्यांनी तिथे काच वाळवली होती. उपडं ठेवलं तर किती वेळ, आडवं ठेवलं तर किती, दार उघडं असलं तर किती, सगळं बोटांवर होतं.

त्यांनी वायर सोडली आणि त्या कळफलकापाशी गेल्या. टेबल बाजूला होतं, त्यामुळे तोंड आपोआप वर्गाकडेच राहिलं. उजव्या रकान्यातलं सूर्याचं वाक्य त्यांनी खोडलं आणि तिथे टंकलं : आमच्या खोलीत ऊन येत नाही. तरी कपडे वाळतात.

आपलं बोलणं हातभर अक्षरांत पडद्यावर उमटताना पाहून शंकासुराचा चेहरा असा झाला की बाकीच्या एकेचाळीस जणांना राहवेना.

“बाई, माझं लिहा! पंखा लावला की लवकर वाळतात.”

“मोजा टाचेकडे शेवटी वाळतो.”

“आमची आजी पिळून झटकते. झटकून घातलं की...”

“एकेक! एकेक!” वहिनी ओरडल्या. त्यांची बोटं धावत होती. “आता मला सांग, पंखा म्हणतोयस, ते खरं कशावरून?”

बाटलीतलं पाणी घेऊन त्यांनी टेबलावर बोटाने दोन सारखे पट्टे ओढले. एकाला वारा घालायचा, दुसऱ्याला नाही. वारा घालायला काही सापडेना. त्या तरातरा मागच्या बाकाशी गेल्या.

“बाई, ती प्रत जरा देता?”

लाल पेनने तीस वर्षांत कुणाला टाचण परत दिलं नव्हतं. दिलं. वहिनींनी त्या इस्त्रीच्या प्रतीने पट्ट्याला वारा घालायला सुरुवात केली. मुलं सेकंद मोजू लागली. तिकडे बाई कधी उठल्या आणि घड्याळ बघत टेबलाशी कधी येऊन उभ्या राहिल्या, हे त्यांनाही कळलं नाही.

“वाळला! वाऱ्याचा आधी वाळला!”

“पसरलं की लवकर, वारा लागला की लवकर, ऊन असलं तर आणखी लवकर. पण ऊनच पाहिजे असं नाही,” वहिनी टंकता टंकता बोलत होत्या. “पाणी तसंही हळूहळू निघून जातच असतं. आपण फक्त त्याला घाई करतो.”

“पण मग माझा टॉवेल का वाळत नाही?”

आवाज मोठ्या माणसाचा होता.

“बाई, हात वर करून विचारायचं,” शंकासुर म्हणाली.

लाल पेनने हात वर केला. “न्हाणीघरात असतो माझा टॉवेल. कधीच वाळत नाही.”

वहिनींनी उजव्या रकान्यात टंकलं : निरीक्षक बाई : माझा टॉवेल वाळत नाही. आणि वर्गाकडे पाहिलं. “सांगा. का?”

वहिनींना उत्तर येत होतं. त्यांनी ते जिभेवरून परत पाठवलं.

“तिथल्या हवेचं पोट आधीच भरलंय, बाई,” शंकासुर सावकाश म्हणाली. “आंघोळीच्या वाफेनं. ती आणखी कुठं पिणार पाणी? खिडकी उघडा.”

“शाब्बास!” वहिनी म्हणाल्या. या वेळी कुणाला आठवण करून द्यावी लागली नाही. घंटा झाली.

मूल्यमापन

मुलं गेली. जाताना एकजण म्हणाला, “बाई, उद्याच्या बाईंना पण टाचण पडद्यावर लावायला सांगा. आम्हाला दुरुस्त्या करायच्यात.”

लाल पेन गुणपत्रक घेऊन बसली. वहिनी समोर, चुरगळलेली प्रत हातात.

“पाचवा रकाना. फलकलेखन.” बाईंनी आता जवळून पडद्याकडे पाहिलं. “बरंच केलंत. दहा.” मग त्या थबकल्या. “आठवा रकाना. ‘पाठ टाचणानुसार झाला काय?’”

“नाही झाला, बाई.”

“थांबा.” बाईंनी पडद्यावरचं पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. लावलेला पंखा, टाचेकडचा मोजा, आजी, दोन पट्टे, टॉवेल. एकेक ओळीवर पेनचं टोक हवेत टेकत गेलं. कंसांपाशी ते जरा जास्त थांबलं. ‘त्या माणूसच आहेत’ इथे सगळ्यांत जास्त.

“तीस वर्षं मी ही टाचणं तपासते आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “टाचण आणि पाठ शब्दाला शब्द जुळलेला आजच पाहिला.”

“पण ते मी नंतर... म्हणजे तेव्हाच...”

“आधी लिहावं की तेव्हा, हे या रकान्यात विचारलेलं नाही.” त्यांनी आकडा टाकला. एकूण शंभरात ब्याण्णव. शेऱ्याच्या जागी लाल शाईत लिहिलं : ‘वर्गाकडे तोंड करून शिकवतात.’ खाली सही केली. मग कागद पुढे सरकवत विचारलं, “खिडकी दिवसभर उघडी ठेवायची, की आंघोळीनंतरच?”

गृहपाठ

घरी सासूबाई दारातच उभ्या. मागे अहो, आणि त्यांच्या मागे पेनड्राइव्हच्या हक्काने टेलिफोनकाका.

“झालीस का गं पास?”

“झाले!”

“बघा!” सासूबाई काकांकडे वळल्या. “डोळे काढले म्हणून. मिटले का त्याने नीट?”

“आई, थेंब दिसलाच नाही.”

“मग पास कशी झालीस?”

वहिनींनी सांगितलं. दात दाखवण्यापासून सगळं. अहो हसता हसता खाली बसले. काकांनी पेनड्राइव्ह खिशाला परत लावला आणि म्हणाले, “म्हणजे लाइन बरोबर लागली होती.” यावर कुणालाच वाद घालता आला नाही. सासूबाई मात्र दोन दिवस रुसून होत्या. त्यांचा ठसका वाया गेला होता.

नव्या सत्रात अध्यापक विद्यालयाने टाचणाचा नमुना नव्याने छापला. लाल पेन त्या समितीवर होती. रकाने दोनच, पण उजवा रकाना कोरा सोडायचा, वर्गात भरायचा, अशी तळटीप आली. आणि डाव्या रकान्यात, प्रस्तावनेच्या आधी, कंसासकट एक ओळ छापून आली. होतकरूंच्या नव्या तुकडीला वाटतं की ती पहिल्यापासूनच तिथे आहे.

त्याच आठवड्यात वहिनी आपल्या शाळेत सातवीच्या दाराशी उभ्या होत्या. मागून विज्ञानाचे सर धावत आले. “वहिनी, जरा ते बीकर...”

“तास आहे माझा, सर. संपला की दोघं मिळून धुऊ.”

सरांनी “बरं, बाई” म्हटलं. म्हणाले आणि स्वतःच दचकले.

वहिनी आत गेल्या. वर्ग उभा राहिला. पन्नास तोंडं. टाचण टेबलावर उपडं ठेवलं, कारण पहिली ओळ पाठ होती.

त्यांनी श्वास घेतला.